डायपरसोबतचे पाउच कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओल्या-सुक्या कचऱ्याबद्दल आपल्या पानावर पत्रे येतात, पण डायपरबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. वर्षाच्या नातवाला दिवसभर मीच सांभाळते, म्हणून लिहिते.

डायपर ओल्या कचऱ्यात टाकणारे चांगले शिकलेले लोक आहेत. ‘ओलाच असतो ना!’ हा युक्तिवाद. आमच्या सोसायटीच्या खतटाकीत असाच एक फाटका डायपर गेला. आतली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी पाणी पिऊन फुगली आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे खतभर पसरले. प्लॅस्टिकचे आवरण निदान उचलता आले, दाणे निवडत कोण बसणार? जाळण्याचेही नाव नको. ओला डायपर नुसता धुमसतो, आणि उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहेच.

‘बांबूचा’, ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेल्या डायपरला जास्तीचे पैसे मोजण्याआधी पुडा उलटून वाचावा. पुष्कळदा बांबू फक्त अंगाला लागणाऱ्या थरात असतो. आणि खरोखर कुजणारा माल असला, तरी कुजायला हवा लागते. डेपोत कचऱ्याच्या थराखाली दाबल्यावर ती कुठून मिळणार?

त्यापेक्षा डायपर लागतीलच कमी, असे पाहावे. आमच्याकडे घरात जुन्या सुती साडीची बाळोती, प्रवासात आणि रात्री डायपर. दूध पाजल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर पाय पसरून बसायचे, दोन पावलांच्या मध्ये बाळाला टेकवायचे आणि ‘शूऽऽ’ करायचे. सुनेला सुरुवातीला हसू यायचे. आता सुट्टीच्या दिवशी तीच बसवते. पावसाळ्यात बाळोती वाळत नाहीत तेव्हा मी हट्ट धरत नाही, घरातही डायपर घालते. बटणांचे कापडी डायपरही चांगले. मात्र अर्धेच मशीन लावून कढत पाण्यात धुवायचे आणि वर ड्रायर फिरवायचा, तर पर्यावरणाचा फायदाही त्यातच धुऊन जातो. मशीन भरेपर्यंत थांबावे, वाळत उन्हात घालावे. फॅब्रिक कंडिशनर घालू नये, कापड पाणी शोषेनासे होते.

टाकायचाच झाला, तर आधी शी संडासात. ती डायपरमध्ये गुंडाळून कचऱ्यात देणे हे निव्वळ आळशीपणाचे काम आहे. मग डायपर पुढून गुंडाळत आणून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करावा, वर्तमानपत्रात बांधावा (आपल्या रविवार पुरवणीचा कागद पुरतो) आणि वर ठसठशीत लाल ठिपका काढावा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हीच ‘लाल ठिपका’ मोहीम सुरू केली होती. सुका कचरा ताई हातांनी निवडतात. काळ्या पिशवीत काय आहे हे त्यांना गाठ सोडल्यावर कळते, तेव्हा बोटे भरलेली असतात. ठिपका दिसला तर पुडके न उघडता बाजूला जाते. घरात लाल पेन नसेल तर जुनी लिपस्टिक चालते.

हे झाले घरातले. पण सगळा भार आई-आजींवर का? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डायपर आणि सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितले की, पुनर्प्रक्रिया करता येईल असे साहित्य वापरण्याची शक्यता तपासा, नाहीतर प्रत्येक नगामागे विल्हेवाटीसाठी पाउच किंवा वेष्टन द्या. नातवासाठी आम्ही निरनिराळ्या कंपन्यांचे पुडे आणले. कार्टूनचे स्टिकर निघाले, पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन निघाले, पाउच एकातही नव्हता. तो द्यायला असा किती खर्च येतो? आणि नियम पाळला जातो की नाही, हे दुकानात जाऊन पुडा उघडून बघणे महापालिकेला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला अवघड आहे का?

२०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या कचरावेचक महिलांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. पुन्हा तसे कुणी करणार असेल तर कळवावे. आमच्या सोसायटीचे पोते मी भरून ठेवते. टेम्पोचे भाडेही देईन.

— एक आजी, कोथरूड, पुणे