पैसे परत पाठवलेत, हुलगे मात्र पाठवा

नाशिक,
7 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून तुम्ही तीन हजार टाकलेत, ते मी आज त्याच नंबरवर परत पाठवलेत. रागावण्याआधी पत्र पूर्ण वाचा. फोनवर हे जमत नाही. आई विचारते, "काय खाता रे?" मी म्हणतो, "सगळं." तिला ते पटत नाही, मला पुढे सुचत नाही आणि बोलणं पावसावर जातं. म्हणून लिहून काढतोय. आईला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद आहे. ठेकेदाराकडून हातात येतात ते पंधरा हजारांच्या आतच. खोलीचं भाडं, लाइटबिल, गॅस आणि गाडीचा हप्ता गेला की खाण्यापिण्याला साडेचार हजार उरतात, दूध धरून. एवढं तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून तर पैसे पाठवलेत. पण त्या साडेचार हजारांत घर कसं चालतं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

धान्याला एक रुपया लागत नाही. गावच्या रेशनकार्डावर आपण सहाजण आहोत, माणशी 5 किलोप्रमाणे 30 किलो. आता कुठल्याही दुकानात अंगठा लावून आपापला वाटा उचलता येतो. आमच्या चौघांचे 20 किलो गहू-तांदूळ मी इथे सिडकोत घेतो, तुमचे 10 तिकडे तुमच्यासाठी राहतात. बाबा, तुम्हाला हे अजून फुकटचं खाणं वाटतं. तुम्ही दुकानाच्या रांगेत उभं राहायला लाजता, हे मला माहीत आहे. 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, त्यात हे हक्काचं म्हणून लिहिलंय. धान्याचे पैसे तर जानेवारी 2023 पासून बंद झाले. तांदूळ जाडा असतो, खडे निघतात, कधी गव्हाला वास येतो. हिने त्यावर तोड काढली: तांदूळ धुऊन वाळवायचा आणि थोडी उडीद डाळ घालून घावनाला दळून आणायचा. जाड्या तांदळाचे घावन जाळीदार होतात, पोरं भातापेक्षा तेच मागतात.

म्हणजे रोख पैसा जातो तो डाळ, तेल, दूध, अंडी आणि भाजीपाला यांवर. आमचं एकच ठरलंय, पोरांच्या दुधाला आणि अंड्यांना हात लावायचा नाही. महिनाअखेर कितीही ओढाताण झाली तरी अर्धा लिटर दूध रोज येतं आणि दोघांना एकेक अंडं. थंडी पडली की अंडं महागतं, आत्ताही महागलंय, तरी चालू आहे. आईच्या माहितीसाठी, मार्गशीर्षातले गुरुवार ही पाळते, त्या दिवशी अंड्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू. कात्री लावलीय ती बाकीच्यावर. बिस्किटं बंद, फरसाण बंद, तयार मसाल्याची पाकिटं बंद. चहा दोनदाच.

डाळीचं सांगतो, कारण आईला वाटतं आम्ही पाणी पितोय. तूरडाळ अजून शंभरच्या वरच आहे. मसूर स्वस्त. निम्मी तूर, निम्मी मसूर शिजवायची, फोडणीला लसूण जरा जास्त. आमटीत मसूर घातलीय हे आल्या-गेल्याला कळत नाही. गल्लीतली चार घरं मिळून आम्ही रविवार पेठेतल्या होलसेल दुकानातून 30 किलोचा कट्टा आणतो आणि वाटून घेतो. मोजायला तराजू समोरच्या काकूंचा. त्या कधीकधी स्वतःच्या वाट्यात मूठभर जास्त घेतात, सगळ्यांना दिसतं, कोणी बोलत नाही. तराजू त्यांचा आहे.

तेल महिन्याला तीन पिशव्या. 2024 च्या सप्टेंबरात सरकारने आयात तेलावरची ड्यूटी चढवली तेव्हापासून सोयाबीनचं तेल जे वर गेलं ते गेलं. पिशवी घेताना मी आता मागची बारीक अक्षरं वाचतो. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. दिसायला अगदी तेवढीच, पण आत साडेआठशेच्या आसपास भरलेली पिशवी त्याच फळीवर ठेवलेली असते आणि पाच-सात रुपये स्वस्त म्हणून माणूस तीच उचलतो. दुकानदार हसतो मला. हसू दे.

भाजी मी आणतो. कामावरून सुटल्यावर पवननगरच्या बाजारात साडेआठनंतर जायचं. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि बायका पाल आवरायला लागतात. मेथीची जुडी संध्याकाळी वीसला असते ती तेव्हा दहाला होते, दोन घेतल्या तर पंधरा. पण जुडी उघडून बघायची, आतून पिवळी पडलेली असते कधीकधी. वांगी, दोडकी वाट्याने मिळतात. वाट्यात वर चांगलं, खाली किडकं, हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही स्वतः असे वाटे लावलेत. बुधवारी सुट्टी मिळाली तर गोदाघाटावरच्या बाजारात जातो. तिथे पेठ-सुरगाण्याकडची माणसं नागली, उडीद, कधी रानभाज्या घेऊन बसतात, आणि दुकानापेक्षा भाव बरा लागतो.

नागलीवरून आठवलं. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, धाकट्याला ती डब्यातली ताकदीची पावडर दे. त्या डब्याच्या किमतीत चार-पाच किलो नागली येते. ही नागली भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, मंद भाजते आणि दळून आणते. दोन चमचे पीठ दुधात शिजवायचं, गूळ घालायचा. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हे अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. अंगणवाडीतून धाकट्याला घरी न्यायचा आहारही मिळतो, थोरलीला महापालिकेच्या शाळेत दुपारी खिचडी. खिचडीत डाळ शोधावी लागते असं ती म्हणते, पण खाते.

आणि आई, तुझी मुख्य काळजी. गेल्या महिन्यात अंगणवाडीत ताईंनी धाकट्याच्या डाव्या दंडाला पट्टी लावली. तीन रंगांची असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्याच्या वर हिरवा. धाकटा ती पट्टी तोंडात घालायला बघत होता, दोघींनी मिळून धरला. माप हिरव्यात आलं, चांगलं आत. तू म्हणतेस "हाडकुळा झालाय", ते फोटोत तसा दिसतो. दिवसभर पळतो तो, एका जागी बसत नाही.

फळांचं मात्र खरं सांगतो, कमी पडतात. पेरू घेतो, डाग पडलेले वेगळे काढून ठेवतात ते. फेब्रुवारीत द्राक्षं सुरू झाली की सुटे मणी स्वस्त मिळतात, तेव्हा पोरांची चंगळ असते. नाशकात राहून सफरचंदाच्या मागे कशाला लागायचं? गल्लीच्या टोकाला शेवगा आहे, त्याचा पाला कोणी तोडत नाही. आम्ही तोडतो. थालीपिठात घातला की हिरवं म्हणून थोरली नाक मुरडते, म्हणून ही बारीक चिरून पिठातच मळते.

हे सगळं वाचायला सोपं वाटतं, पण सूनबाईचे हात यात जातात. मोड आणायचे, भाजायचं, दळण न्यायचं, भाकरी थापायची, रोज काहीतरी भिजत घालायचं लक्षात ठेवायचं. शिलाईचं काम ती रात्री घेऊन बसते, कारण दिवस यातच जातो. परवा ती म्हणाली, "मी कंपनीत लागले तर आठ हजार जास्त येतील, पण मग ही नागली कोण भाजेल?" मला उत्तर आलं नाही. धाकटा शाळेत जाईपर्यंत असंच चालेल, नंतर बघू. तोवर भांडी आणि भाजी निवडणं माझ्याकडे आहे. आई, हसू नकोस.

आता तुमच्या कांद्याचं. बाबा, पवननगरला कांदा घ्यायला उभा राहिलो की माझं डोकं दोन्हीकडे चालतं. भाव पडला की ही खूश होते, पिशवीत दोन किलो जास्त येतो, कांद्याची चटणी, कांद्याचं पिठलं, सगळं मोकळ्या हाताने होतं. आणि मी मनात लगेच क्विंटलचा हिशोब लावतो. इथे पंधरा-वीस रुपये किलो, म्हणजे मार्केटला तुम्हाला किती मिळाले असतील? त्यातून काढणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, हमाली, तोलाई गेली. 2023 च्या 8 डिसेंबरला निर्यातबंदी आली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, आईने नंतर सांगितलं. बंदी मे 2024 मध्ये उठली, मग शुल्क राहिलं, तेही यंदा 1 एप्रिलला काढलं, तरी कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा उठला नाही. आणि त्याच 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला होता तेव्हा तुमच्या हातात चार पैसे आले आणि आम्ही इथे महिनाभर चिंचेवर आमटी केली. पावसाळा सरता सरता तोच टोमॅटो लोकांनी रस्त्यावर ओतला. ज्या महिन्यात तुमचं भागतं त्या महिन्यात आमचं ओढाताणीचं, आणि आमची पिशवी भरते तेव्हा तुमची चाळ सडते. एकाच घरातली माणसं आपण, आणि एकाच्या स्वस्ताईत दुसऱ्याचं नुकसान. शहरात कांदा महागला की लोक चिडतात, त्यांच्यात मी उभा असतो. गप्प बसत नाही, भांडतो. परवा कॅन्टीनमध्ये भांडलो.

म्हणून ते तीन हजार मला नकोत. यंदाच्या कांद्यातून तीन हजार बाजूला काढायला तुम्हाला काय काय टाळावं लागलं असेल, ते मी ओळखतो. वरच्या गल्लीतल्या काकू नाशिकला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. गाय विकल्यापासून तुम्ही दोघं कोरा चहा पिताय, आणि रतीब लावायचं नाव काढत नाही. बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला दूध सांगितलंय, आईचे गुडघे तर बोलून सोय नाही. त्या पैशांत रतीब लावा, दोघांत अर्धा लिटर तरी. मी कमावता झाल्यावर तुम्हाला महिन्याला दोन हजार पाठवायचो, ते ओव्हरटाइम सुरू झाला की परत सुरू करेन. तोवर निदान तुमच्याकडून इकडे येऊ नयेत.

पाठवायचंच असेल तर हुलगे पाठवा. बांधावरचे, घरचे. इथे दुकानात मिळतात ते जुने, शिजत नाहीत. गेल्या थंडीत आईने पाठवलेल्या हुलग्यांच्या पिठाचे शेंगोळे हिने केले होते. पिठात लसूण-जिरं-मिरची वाटून, ओवा घालून घट्ट मळलं, आणि थोरलीला पाटावर बसवून वळायला दिलं. तिचे काही शेंगोळे बोटाएवढे जाड, काही दोऱ्यासारखे. बारके विरघळून रस्सा दाट झाला, जाडे आत कच्चे राहिले, ते मी वेचून खाल्ले. चार माणसांचं रात्रीचं जेवण, वर भाजी लागली नाही. बाजरीही पाठवा, पायलीभर, जास्त नको, दळून ठेवली की ती कडू होते. सिन्नरच्या गाडीला कंडक्टरकडे दिलीत तर इथे द्वारका चौकात मी उतरवून घेईन, फक्त गाडी निघाली की फोन करा. तूप पाठवू नका. गाय नाही आणि तूप कुठून येतं ते मला कळतं.

संक्रांतीला आम्ही येतोय, दोन दिवस. येताना होलसेलमधून तुमची तूरडाळ आणि तेल घेऊन येईन, तिकडच्या दुकानात घेऊ नका.

कळावे, लोभ असावा.
तुमचा,
थोरला

ता. क. आईचं रेशनचं ई-केवायसी राहिलंय. तिचा अंगठा मशीन घेत नाही, शेतात झिजलाय, म्हणून दुकानदार परत पाठवतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही ते होतं, त्याचं ॲप आहे. शेजारच्या पोराला सांगा, आधारकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवायचा, दारात उजेडात बसवायचं, डोळे मिचकवायला सांगतात तेव्हा मिचकवायचे. नाहीतर तिचे 5 किलो बंद होतील.