थिया गेली कुठे?

सातारा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. काल गच्चीवर दूध आटवलं तेव्हा तुझी फार आठवण आली. तू जोहान्सबर्गला जाण्याआधीच्या कोजागिरीला मला विचारलं होतंस, "मंगळाएवढा ग्रह पृथ्वीवर आदळला आणि त्यातून चंद्र झाला म्हणतोस, मग तो ग्रह गेला कुठे?" मी तेव्हा "वितळला असेल" म्हणून वेळ मारून नेली. ते मला लागून राहिलं. तेव्हापासून जमेल तसं वाचत आलोय, आणि आज उत्तर द्यायला बसलोय.

चंद्र कसा झाला याबद्दल टकरीची कल्पना येण्याआधी ज्या कल्पना होत्या, त्यांत मला जॉर्ज डार्विनची सगळ्यात आवडते. चार्ल्स डार्विनचा हा मुलगा. भरती-ओहोटीमुळे चंद्र हळूहळू लांब जातोय हे त्याने गणिताने मांडलं, आणि तेच गणित उलटं चालवत तो मागे मागे गेला. एके काळी चंद्र पृथ्वीतच असणार, गरगर फिरणाऱ्या पृथ्वीतून तो सुटून निघाला असणार, असं त्याचं म्हणणं. तेवढी गिरकी हिशेबात बसेना, म्हणून कल्पना मागे पडली. पण चंद्र लांब जातोय हे शंभर टक्के खरं निघालं. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर सोडून मोजलं, तर वर्षाला ३.८ सेंटिमीटर!

चंद्र बाहेरून आला आणि पृथ्वीने पकडला, किंवा दोघं शेजारी शेजारी घडले, असंही लोक म्हणत. पण शेजारी घडला तर त्याच्या पोटात लोखंड इतकं कमी का? हार्टमन आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी १९७५ साली टकरीची कल्पना मांडली, ती इथे चपखल बसली. आदळणाऱ्या ग्रहाचं लोखंड पृथ्वीच्या गाभ्यात बुडालं आणि वर उडालेल्या दगडी मालाचा चंद्र झाला. त्या ग्रहाला पुढे थिया नाव मिळालं. ग्रीक पुराणात चंद्रदेवीची आई.

काल पातेल्यावर साय धरताना मी पोरांना दाखवलं, चंद्राचं असंच झालं. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तो वितळलेल्या दगडाचा समुद्र होता. जड खनिजं खाली बसली, हलकं, पांढरट खनिज वर तरंगलं आणि थिजलं. अपोलो ११ च्या मातीतल्या पांढऱ्या कणांवरून हे सुचलं होतं. २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने दक्षिण ध्रुवाकडच्या भागात तेवीस ठिकाणी माती तपासली, तिथेही तीच साय सापडली. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही रे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. टक्कर संगणकावर मांडून पाहिली, तर चंद्रात बराचसा माल थियाचा येतो. मग चंद्राचा दगड पृथ्वीपेक्षा वेगळा हवा. मंगळाचे दगड तसे आहेत, त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे ऑक्सिजनच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण निराळं. चंद्राचं मात्र पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. कुणी म्हणतात थिया आपल्या शेजारीच, त्याच मालातून घडली होती. कुणी म्हणतात टक्कर इतकी भयंकर होती की दोघींची वाफ एकत्र घुसळली गेली. मला हे घुसळणं पटतं, पण निकाल लागलेला नाही. वर्गात मी ही टक्कर ठरलेली गोष्ट म्हणून शिकवत आलो, ते आता बदललं.

आणि थिया? आफ्रिकेच्या आणि पॅसिफिकच्या खाली, जवळपास २,९०० किलोमीटर खोल, गाभ्याला टेकून खंडाएवढे दोन प्रचंड गठ्ठे आहेत. भूकंपाच्या लहरी त्यांच्यातून जाताना मंदावतात. ते थियाचेच उरलेले तुकडे असावेत, असं २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. सिद्ध झालेलं नाही. पण खरं ठरलं, तर तुझा ग्रह तुझ्याच पायाखाली आहे, दत्ता.

तिकडून चंद्रावरचा ससा उलटा दिसतो ना? येत्या पौर्णिमेला नीट बघ आणि त्याचे कान कुठल्या बाजूला येतात ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनू