दापोलीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या फोनच्या दुरुस्तीचे पैसे त्याच दिवशी चुकते झाले. हे पत्र तुम्ही आम्हाला रिसेट करू दिला नाहीत, त्याबद्दल आहे.

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली, हर्णैच्या होड्या समुद्रात गेल्या आणि ऐन हंगामाच्या तोंडावर बाबांचा फोन चार्ज होईना. केबल लावली की पडद्यावर तीच सूचना: चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे. फोन तर ठणठणीत कोरडा! केबल बदलली, चार्जर बदलला, अपडेट टाकलं, सेफ मोडमध्येही, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवूनही, लावून पाहिला. उरला होता फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करणं. आणि बर्फवाल्यापासून लिलावातल्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे नंबर त्या एकाच फोनमध्ये.

तुम्ही पोर्टवर भिंग धरलंत आणि मला बघायला लावलंत. आतल्या बारीक पिनांवर हिरवट पापुद्रा धरला होता. खाऱ्या हवेतलं मीठ पिनांवर बसतं, पावसाळी हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यातून करंट गेला की धातू खाल्ला जातो. फोनला तो ओलावाच वाटतो आणि तो चार्जिंग थांबवतो. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असताना हे सगळं तुम्ही शांतपणे समजावलंत. मग म्हणालात, "ताई, रिसेट मारलात तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल, गंज तेवढा तिथेच राहील."

सेफ मोडमध्येही तेच, दुसऱ्या चार्जरलाही तेच, म्हणजे सेटिंगमध्ये शोधून उपयोग नाही, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या हातूनच काहीतरी बिघडलं म्हणून बाबा दोन घास नीट जेवत नव्हते. "काका, तुमचं काही चुकलं नाही, होडीवरच्या फोनचं हे असं होतंच," एवढं तुम्ही बोललात आणि त्यांचा चेहरा खुलला. माझ्या लेखी दुरुस्ती तिथेच झाली.

स्वतःच्या कामाबद्दलही तुम्ही हातचं राखून बोलला नाहीत. चार्जिंग बोर्ड बदलून देतो, पण गंज मदरबोर्डपर्यंत, म्हणजे फोनच्या मुख्य बोर्डपर्यंत, गेला असेल तर मलाही जमणार नाही, सर्व्हिस सेंटरला पाठवावा लागेल, हे आधीच सांगितलंत. उरलेल्या बॅटरीवर नंबर आणि फोटो उतरवून घेतलेत, मगच स्क्रू सोडलेत. नशिबाने मदरबोर्ड स्वच्छ निघाला. ही घाई न करण्याची सवय किती मोलाची आहे, ते ज्याचा धंदा फोनवर चालतो त्याला विचारा. आम्ही घरचे सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

शेजारच्या काकांच्या फोनलाही कालपासून तीच सूचना येतेय. पोरं रिसेट मारायला निघाली होती, मी थांबवलंय. सोमवारी ते तुमच्याकडे येतील.

तुमची,
हर्णैची ताई