ओकायामाच्या आजींना, सिंहगड रस्त्यावरून

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार. पत्र मराठीत लिहितेय. लेक ते जपानीत करून तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. पण मनातलं सगळं मला माझ्याच भाषेत सांगता येतं, आणि तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते इथल्या माणसांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

2017 च्या एप्रिलमध्ये यांच्या नोकरीमुळे आम्ही तुमच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात कचऱ्याची गाडी आली, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन गेली आणि आमची तेवढी चिठ्ठी चिकटवून मागे ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही काही न बोलता अंगणात वर्तमानपत्र पसरलंत, पिशवी उपडी केलीत आणि माझ्याशेजारी बसलात. बाटलीचं झाकण वेगळं, वरचं वेष्टण सोलून वेगळं, बाटली विसळून तिसरीकडे. दुसऱ्या दिवशी महिन्याचा तक्ता आणून दिलात. वाराखाली अक्षरं नव्हती, तुमच्या हातची चित्रं होती: बाटली, डबा, माशाचा सांगाडा. तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय.

त्याच आठवड्यात तुमच्याकडून डबा आला, शिजवलेल्या भोपळ्याचा. परत करताना मी त्यात बेसनाचे लाडू घातले, कारण भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्या आईनं लहानपणापासून शिकवलेलं. तुम्ही झाकण उघडलंत आणि टाळी वाजवलीत. म्हणालात, "ओउत्सुरी!" तुमच्याकडेही जुन्या बायका रिकामं भांडं परत करत नसत, अगदी काही नसलं तर काड्यापेटी नाहीतर कोरा कागद ठेवत, हे तुम्ही खुणांनी समजावलंत. मग तो डबा चार वर्षं दोन घरांत फिरत राहिला. आम्ही मासे खात नाही हे कळल्यावर तुम्ही मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारासाठी माशाऐवजी कोंबूचं, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचं पाणी वापरायला लागलात. एवढ्या वर्षांची हाताची सवय माझ्यासाठी बदललीत.

जुलै 2018 मधली ती रात्र मी विसरणार नाही. पाऊस थांबत नव्हता, फोन कर्कश वाजत होता आणि पडद्यावरचं एक अक्षर मला लागत नव्हतं. हे गावाला गेलेले, घरात मी आणि लेक. तुम्ही रेनकोट घालून दार ठोठावलंत. सूचनेत 'हिनान' शब्द होता, स्थलांतराचा. तुम्ही तो उच्चारलाही नाहीत. "निगेते" म्हणालात. पळा. तो शब्द मला येतो हे तुम्हाला ठाऊक होतं. लेकीचा हात धरून तुम्ही आम्हाला शाळेच्या जिमखान्यात नेलंत. त्याच पावसात जवळच्या कुराशिकीत माबीचा भाग पाण्याखाली गेला, पन्नासहून जास्त माणसं गेली. 1995 च्या कोबे भूकंपात कितीतरी परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नव्हत्या आणि तेव्हापासून तिकडे 'यासाशी निहोन्गो', सोपी जपानी, हा विचार रुजला, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. समोरच्याला किती येतं ते ओळखून बोलायची तुमची रीतच तशी.

आणि 2019 चा सप्टेंबर. वडील त्या उन्हाळ्यात गेले होते आणि पितृपक्षात मला घरी येता आलं नाही. तुमच्याकडे तेव्हा हिगान चालू होतं, दिवस-रात्र समान होतात तो दिवस मध्ये धरून पितरांच्या आठवणीचे सात दिवस. तुम्ही ओहागी घेऊन आलात: चिकट भाताचे गोळे, वरून लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड पुरणाचा थर. पहिला घास घेतला आणि मला आमच्या स्वयंपाकघरातलं पुरणयंत्रच आठवलं. माझ्या वडिलांचा फोटो मागून घेऊन तुम्ही एक ओहागी त्यासमोर ठेवलंत, हात जोडलेत आणि त्यांचं नाव विचारलंत. मी सांगितलं. तुमच्या जिभेवर ते नीट बसेपर्यंत तीनदा म्हणून पाहिलंत. आजी, त्या दिवशी परक्या गावात माझ्या बाबांना पान मिळालं. याचे आभार कसे मानायचे मला अजून कळत नाही.

आता आम्ही पुन्हा पुण्यात आहोत. घराजवळच पु. ल. देशपांडे उद्यान आहे, तुमच्या कोराकुएनवरून बेतलेलं. तुम्हीच मला नदीपलीकडच्या त्या बागेत नेलं होतंत, 1700 साली पुरी झालेली म्हणून सांगितलं होतंत, आणि आमच्या बागेचा फोटो पाहून सगळ्या गल्लीला दाखवत फिरला होतात. संध्याकाळी मी तिथल्या पुलावर उभी राहते तेव्हा तुम्ही बाजूला आहात असं वाटतं.

सामान बांधताना एक चूक झाली. तुमचा डबा माझ्याकडेच राहिला. ओळखीची एक मुलगी पुढच्या महिन्यात ओकायामाला शिकायला येतेय, तिच्या हाती पाठवते. आत बेसनाचे लाडू आहेत, साखर तुमच्यासाठी कमी घातलीय.

तुमची,
शेजारीण