बालविभागाची रविवारची बैठक: शाळेतली चिडवाचिडवी आणि मैत्री

सर्व पालक सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मुलांची बैठक सयाजीबागेत, फुलांच्या घड्याळापाशी होईल. विषय वरीलप्रमाणे.

हा विषय आपल्याच एका मुलामुळे सुचला. बोलताना तो अडखळतो. शाळेच्या व्हॅनमध्ये त्याच्या रोज नकला व्हायच्या, घरी मात्र तो अवाक्षर काढत नसे. उत्तरायणाच्या आधी वरच्या वर्गातला एक दांडगा गुजराती मुलगा त्याच्याकडे पतंगाला किन्ना (मांजा जोडण्यासाठी बांधायचा दोरा) बांधून घ्यायला आला, कारण याच्या हातचा पतंग कधी गोता खात नाही. पुढे दोघे रोज शेजारी बसू लागले. नकला करणाऱ्यांना एकटं सावज लागतं आणि हसणारी माणसं लागतात. दोन्ही गेल्यावर नकला थांबल्या. दोघांच्या आयांनी हे सांगितलं तेव्हा मन भरून आलं.

म्हणून विनंती: प्रत्येक मुलाने एक मित्र किंवा मैत्रीण सोबत आणावी, शक्यतो दुसऱ्या शाळेतली, मराठी येत नसलं तरी चालेल. गुजरातीत बोलू.

त्रास होत असेल तर मुलांवर सोडून देऊ नका, वर्गशिक्षकांना लेखी कळवा. शाळेत मुलांच्या मानसिक छळाला शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मनाई आहे. 1098 ही बालमदत सेवा चोवीस तास, विनामूल्य आहे. हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.

बैठकीनंतर सेवउसळ आहे. किती मुलं येणार ते शुक्रवारपर्यंत कळवावे.

— बालविभाग, वडोदरा