धान्य फुकट, स्वयंपाक महाग : अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दिवाळीचा 'आनंदाचा शिधा' न मिळणे, अंगठा न उमटल्याने कमी झालेले धान्य आणि शिधापत्रिकेवर डाळ-तेल मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी सोलापूर शहरातील एका प्राधान्य कुटुंबातील, म्हणजे कमी उत्पन्नामुळे रेशनचे धान्य मिळणाऱ्या कुटुंबातील, गृहिणी आहे. घरात आम्ही पाच माणसे आहोत : यंत्रमागावर काम करणारे माझे पती, सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुले आणि शिवणकाम करून चार पैसे जोडणारी मी. उद्या वसुबारस आहे आणि यंदा आनंदाचा शिधा, म्हणजे सणासाठी शंभर रुपयांत मिळणारे चार जिन्नस, मिळणार नाही, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळले. लाडकी बहीण योजनेवर मोठा खर्च होत असल्यामुळे शिध्यासाठी निधी उरलेला नाही, असे आपण सांगितल्याचेही त्यात वाचले. म्हणजे बहिणीला एका हाताने दिले म्हणून तिच्या घरातले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असाच त्याचा अर्थ आम्ही लावायचा का, एवढे आपण कृपया स्पष्ट करावे.

2022 च्या दिवाळीत शासनाने शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो व एक लिटर पामतेल दिले. पिशवीवर नेत्यांची छायाचित्रे होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती पिशवी पुढे भाजीला बरेच दिवस कामी आली. नंतरच्या सणांनाही शिधा येत राहिला, विधानसभा निवडणुकीच्या आधी 2024 च्या गौरी-गणपतीला आला आणि निवडणूक झाल्यावर थांबला. तेच चार जिन्नस परवा मी वाण्याकडून आणले, तेव्हा तीनशेच्या वर रुपये मोजावे लागले. दोनशे रुपयांच्या फरकासाठी मंत्र्यांना पत्र कोण लिहितो, असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. त्यांना माझे सांगणे आहे की आमच्याकडे दोनशे रुपयांत अर्ध्या महिन्याची तूरडाळ येते, आणि डाळ घरात असली की मुले कुरकुर न करता जेवतात.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे खरे तर हे पत्र लिहायला बसले. सासूबाईंनी उभे आयुष्य विड्या वळल्या. तेंदूचे पान कातरीने कापून, तंबाखू भरून, बोटांच्या टोकांनी वळत राहिल्यावर हाताच्या रेषा शिल्लक राहत नाहीत, हे सोलापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. दुकानातल्या यंत्राला मात्र ते ठाऊक नाही. अंगठा ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला, तरी यंत्र ओळख पटत नसल्याचेच सांगत राहिले. चेहरा दाखवून मोबाइलवर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करा, असे दुकानदाराने सुचवले. पण त्याचा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो क्रमांक केव्हाच बंद पडला आहे. क्रमांक बदलायला ज्या केंद्रावर गेलो, तिथेही आधी अंगठाच मागितला. या महिन्यात त्यांचे पाच किलो धान्य आले नाही. सासूबाई जिवंत आहेत, माझ्यासमोर बसून भाकरी खात आहेत, आणि शासनाच्या लेखी त्यांची ओळख पटलेली नाही.

राहिलेले वीस किलो, म्हणजे बारा किलो तांदूळ आणि आठ किलो गहू, फुकट मिळतात. त्याबद्दल आभार मानावेत अशी अपेक्षा असेल, तर मी मनापासून आभार मानते. पण महोदय, तांदूळ म्हणजे जेवण नव्हे. तांदळाचा भात व्हायला गॅस लागतो आणि तो घशाखाली उतरायला आमटी लागते. आमटीला डाळ, डाळीला फोडणी आणि फोडणीला तेल लागते. यातले काहीच शिधापत्रिकेवर मिळत नाही. शासन धान्याचे किलो मोजते आणि आम्ही पातेल्यात पळी किती खोल जाते ते पाहतो.

स्वस्तात घर कसे चालवावे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. सकाळी कुकरमध्ये खाली डाळ व वर भात असे एकत्रच लावते आणि ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की लगेच गॅस बंद करून उरलेले वाफेवर शिजू देते. डाळ तासभर आधी भिजवली की एक शिटी वाचते. रात्री बहुधा पिठले असते, कारण वाटीभर बेसनात पाणी घालून पाच माणसे जेवतात आणि ते दहा मिनिटांत होते. मटकी आणि हुलगे स्वस्त पडतात असे लोक सांगतात, पण ते शिजायला जो गॅस जातो तो कोणी धरत नाही. साडेआठशे रुपयांच्या वरचा सिलिंडर घेणाऱ्या बाईला तो धरावा लागतो. म्हणून हुलगे दळून माडगे, म्हणजे त्या पिठाचे पातळ कढण, करते, तेही पावसाळ्यात. भाजी महाग झाली की शेंगाची चटणी कुटायची, आणि शेंगदाणे महाग झाले की चकोल्या, म्हणजे आमटीतच कणकेचे तुकडे सोडून भाजी आणि पोळी दोन्हींची सोय एका भांड्यात करायची. गेल्या महिन्यात सीना नदीला पूर आला, शेतातली भाजी वाहून गेली आणि इथल्या मंडईत मेथीच्या जुडीला हात लावण्याची सोय राहिली नाही. त्या दिवसांत आम्ही नुसत्या फोडणीच्या पाण्यात चकोल्या केल्या. मुलांना सांगितले की आज वेगळ्या केल्या आहेत.

आमचे मूळ अन्न ज्वारीची भाकरी. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि 2023 हे साल साऱ्या जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तरीही रेशनवर ज्वारी एखाद्या महिन्यात आली तर आली. मग रेशनचाच तांदूळ गिरणीत दळून आणते आणि दोन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी तांदळाचे पीठ मिसळते. ते उकळत्या पाण्यात मळावे लागते, नाहीतर थापताना भाकरी कडेने चिरते. त्या तांदळात पोषणमूल्य वाढवलेले वेगळे दाणे मिसळलेले असतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका ते प्लास्टिकचे समजून निवडून फेकतात, कारण ते काय आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. कोट्यवधी रुपये खर्चून दिलेले पोषण उकिरड्यावर जात आहे. त्याची जाहिरात मात्र मी पेट्रोल पंपावर पाहिली आहे.

लोक रेशनचा तांदूळ विकतात, असे आपले अधिकारी म्हणतात. विकतात. सायकलवरून घेणारा येतो, बाजारभावाच्या कितीतरी खाली भाव लावतो आणि बाई त्या पैशांतून तेलाची लहान पिशवी आणते. तिला चोर ठरवण्याआधी कोरडा भात गिळून पाहावा, ही विनंती.

आता विषय निघालाच आहे तर मुलांच्या शाळेचेही सांगते. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे मिळू लागले होते. यंदाच्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून अंडी द्यावीत असे सुचवले. लोक म्हणजे आम्हीच. प्राथमिक शाळेतल्या एका मुलाच्या आहारासाठी, धान्य सोडून, दिवसाला 6 रुपये 78 पैसे इतका खर्च मंजूर आहे, आणि आमच्या कोपऱ्यावर एक अंडे सात रुपयांना मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन हे सारे एका अंड्याहून स्वस्तात बसवायचे असेल, तर त्या हिशेबनिसाला एकदा आमच्या घरी पाठवावे. त्याच्याकडून मला शिकायला आवडेल.

त्यावर सप्टेंबरात पोषण माह आला. एका कार्यक्रमात साहेबांनी आम्हाला हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गूळ आणि ऋतूप्रमाणे फळे खाण्याचा सल्ला दिला. त्याच महिन्यात वस्तू व सेवा कर कमी झाला आणि बचतीचा उत्सव करा असे सांगण्यात आले. पनीर, खाकरा आणि पिझ्झ्याचा पाव करमुक्त झाल्याचे ऐकून समाधान वाटले. खाद्यतेलावरचा आणि पाकीटबंद डाळ-पिठावरचा पाच टक्के मात्र होता तसाच आहे. डाळीवर कर भरणाऱ्यांनी पिझ्झा खाणाऱ्यांच्या आनंदात सहभागी व्हावे, असे धोरण असावे. जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर ठेवू, असे गेल्या निवडणुकीतल्या वचनांत मी स्वतः वाचले होते. केंद्राच्या पाहणीनुसार शहरातले कुटुंब शंभरातले चाळीस रुपये खाण्यावर खर्च करते. आमच्या घरी ते साठाच्या खाली कधी गेले असतील असे वाटत नाही. भाव वाढले की शेतकऱ्याला मिळतील म्हणून आम्ही गप्प बसावे, तर तूर पिकवणारा माझा भाऊ सांगतो की त्याला हमीभावसुद्धा मिळाला नाही. मग मधले पैसे जातात कुठे, हे विचारायला आम्ही कोणाच्या दारी जायचे?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ज्यांचे अंगठे कामाने झिजले आहेत त्यांचे धान्य थांबवू नये आणि दुकानदाराने घरी येऊन नोंद करावी. शिधापत्रिकेवर दरमहा कुटुंबामागे दोन किलो डाळ व दोन लिटर तेल रास्त दराने द्यावे, फुकट नको. सोलापुरात गव्हाऐवजी ज्वारी द्यावी. आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर शहरी प्राधान्य कुटुंबासाठी ठरवलेली वर्षाला 59,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा बदलावी. महिन्याला ते पाच हजारही होत नाहीत. इतक्या उत्पन्नात पाच माणसांचे घर चालवणारे कुटुंब सोलापुरात असेल तर त्याचा शासनाने सत्कार करावा. हा आकडा काटेकोरपणे लावला तर मागावरचा एकही मजूर यादीत राहणार नाही, हे दुकानदाराला माहीत आहे, आपल्या अधिकाऱ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच तपासणीचे अर्ज आले की आमच्या गल्लीत कोणी तक्रार करत नाही.

मी केली आहे. पत्राखाली माझे नाव लिहिलेले नाही, त्याचे कारणही हाच आकडा आहे.

आपली,
एक शिधापत्रिकाधारक,
सोलापूर.
16 ऑक्टोबर 2025