ओरिएंट एक्सप्रेस राहिलीच की!

संपादक साहेब,
रविवारच्या पुरवणीत रहस्यपटांवर लिहिलंत पण १९७४ चा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' राहूनच गेला. परवा जुनी डीव्हीडी शोधून परत बघितला, ट्रेन बर्फात अडकलेली, डब्यात खून आणि संशयित कोण तर शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, अँथनी पर्किन्स, एका सिनेमात एवढी मंडळी! इन्ग्रिड बर्गमनला तर छोट्याशा रोलसाठी ऑस्कर मिळालं, तिच्या चौकशीचा लांबलचक सीन सिडनी ल्युमेटने एकाच टेकमध्ये घेतलाय, घरी बघायचा फायदा हा की तो रिवाइंड करून परत बघता येतो. खुनी कोण ते सांगत नाही, आमच्या मेव्हण्याने मला आधीच सांगितलं होतं, अजून राग गेलेला नाही. अशा जुन्या डिस्कवर एखादा कॉलम चालू करा ना.

तुमचा एक वाचक, पुणे